ढोलीतून किती बाहेर आले?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इथल्या मुलांना झाडापाखरांची ओळख पुस्तकाच्या आधी रानात करून दिली, असं मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यामुळे विषय ठरवायला वेळ लागला नाही. उष्ण कटिबंधातले रंगीत पक्षी, त्यांच्यावर जगभर चाललेलं संशोधन आणि त्यांचं रक्षण हा विषय मात्र एका संध्याकाळी मावणारा नाही. म्हणून मी एकाच कुळाविषयी बोलणार आहे, धनेशाच्या. हे कूळ आफ्रिकेत आहे, थायलंडमध्ये आहे, अरुणाचलात आहे आणि तुमच्या परसातल्या बेहड्यावरही आहे. भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत. त्यातल्या चार आपल्या महाराष्ट्रात दिसतात. कोकणात ज्याला गरुड म्हणतात तो महाधनेश, ककणेर म्हणजे कवड्या धनेश, आणि दोन राखी धनेश, एक मलबारी आणि दुसरा साधा, गावाशहरातल्या वडा-पिंपळांवरही दिसणारा.

१८९४ साली कारवारहून महाधनेशाचं एक पिल्लू मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आलं. त्याचं नाव विल्यम ठेवलं गेलं. सोसायटीच्या कचेरीतल्या पिंजऱ्यात हा पक्षी १९२० पर्यंत जगला. पुढे महाधनेश हेच सोसायटीचं बोधचिन्ह झालं आणि आज तिची मुंबईतली इमारत ‘हॉर्नबिल हाऊस’ म्हणून ओळखली जाते. ही हकिगत बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. सव्वीस वर्षं. हा पक्षी इतका जगतो. माझं पुढचं सगळं बोलणं या आयुष्याच्या लांबीभोवती फिरणार आहे, म्हणून तो आकडा ध्यानात असू द्या.

आधी रंगाविषयी. विषुववृत्ताजवळचे पक्षी अधिक रंगीत असतात, हे हम्बोल्ट आणि वॉलेस यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांना जाणवलं होतं. पण जाणवणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं. ते मोजमाप अगदी अलीकडे झालं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्रिंगच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं घेतली. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा आणि पक्ष्यांना दिसणारा अतिनील रंगही त्यात टिपला. साडेचार हजारांहून अधिक जातींच्या पिसांवरचा रंग संगणकाकडून मोजून घेतला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला की जुन्या प्रवाशांचा समज खरा आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कपाटाच्या खणात ठेवलेली कातडी आज अशा रीतीने पुन्हा बोलू लागली आहेत. त्यातली कित्येक आपल्यासारख्या देशांतल्या जंगलांतून गेलेली आहेत, याचीही आठवण ठेवली पाहिजे.

रंग तयार कसे होतात, यावरही सुंदर काम झालं आहे. खंड्याचा निळा हा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरतो, त्यातून तो दिसतो. पोपटाच्या पिसांतली लाल-पिवळी द्रव्यं पोपटांखेरीज दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यात सापडलेली नाहीत. आफ्रिकेतल्या तुराको पक्ष्यांच्या पंखांतल्या लाल रंगात चक्क तांबं असतं. महाधनेशाची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी. त्याच्या चोचीवरचं शिंग, मान आणि पंखांवरचे पांढरे पट्टे यांच्यावर जो पिवळा रंग दिसतो तो त्याने स्वतः लावलेला असतो. शेपटीच्या बुडाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातून पिवळसर तेल पाझरतं आणि पक्षी ते डोक्याने, चोचीने अंगभर चोळतो.

याच तेलाने त्याच्या एका भाऊबंदाचा घात केला. बोर्निओ, सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पातल्या शिरस्त्राणी धनेशाचं शिंग बाकीच्यांसारखं पोकळ नसतं, भरीव असतं. नर हवेत एकमेकांवर झेपावतात आणि शिंगावर शिंग आदळतात. त्या शिंगाच्या आतला भाग पिवळा आणि बाहेरून ग्रंथीच्या तेलाने रंगून लाल झालेला. कोरीवकामासाठी हे हस्तिदंतासारखं वापरता येतं, आणि चीनमध्ये त्याला शतकानुशतकं मागणी राहिली आहे. १९७५ पासून या पक्ष्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तरी २०१३ च्या सुमारास इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतान या एकाच प्रांतात वर्षभरात सहा हजारांच्या आसपास पक्षी मारले गेले असावेत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज निघाला. २०१५ मध्ये जागतिक लाल यादीत ही जात ‘संकटसमीप’ या पायरीवरून एकदम ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवर गेली. मधल्या दोन पायऱ्या तिने गाठल्याच नाहीत. हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा एक प्रश्न आला, तो पुढेही सुटला नाही. एवढा मोठा, एवढा गाजणारा, उडताना आगगाडीच्या इंजिनासारखा पंखांचा आवाज करणारा पक्षी कमी होतो आहे, हे कळायला इतका उशीर का होतो?

उत्तर ढोलीत आहे.

धनेशाचं घरटं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी तोंड लिंपून घेते. चोच आत-बाहेर होईल एवढी उभी फट राहते. आत ती पंखांची पिसं गाळते, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येत नाही. नर फळं आणून फटीतून भरवतो. महाधनेशात हे तीन-चार महिने चालतं आणि शेवटी सहसा एकच पिल्लू बाहेर पडतं. सह्याद्रीत हा काळ जानेवारी-फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतचा.

आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६१-६२ च्या सुमारास सुमात्रात होता. त्याच्या शिकाऱ्यांनी मादीला भरवणाऱ्या नराला गोळी घातली, मग ढोलीतून मादीला बाहेर काढण्यात आलं आणि तिच्याबरोबर एक पिल्लूही निघालं. अंगावर पीस नाही, कातडी जवळजवळ आरपार दिसणारी. १८६९ च्या ‘द मलाय आर्किपेलागो’ या ग्रंथात त्याने ते वर्णन करून ठेवलं आहे. वॉलेस मोठा निसर्गशास्त्रज्ञ होता आणि त्या काळी शास्त्राची रीत हीच होती. जाणून घ्यायचं म्हणजे गोळा करायचं. त्या रीतीने कोणत्या जाती आहेत हे कळलं. एक जोडी आयुष्यात किती पिल्लं वाढवते, हे त्या रीतीने कधीच कळलं नसतं.

ते कळू लागलं १९७८ पासून. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद या संशोधिकेने खाओ याईच्या जंगलात धनेशांच्या ढोल्या शोधून त्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात केली. त्याच झाडापाशी दर हंगामात जायचं. मादी आत बसली का, कधी बसली, नर काय आणतो, पिल्लू बाहेर आलं का, हे लिहायचं. दिसायला साधं काम. पण अशी दहा-वीस वर्षं गेल्यावर त्या वह्यांतून एक गोष्ट वर आली, जी एका हंगामात कुणालाही दिसली नसती. ढोल्या टिकत नाहीत. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, बुरशी लागून, सुतार पक्ष्याने टोकरून झालेली पोकळी त्याला लागते, आणि तीही महाकाय झाडात. त्या पोकळीचा तळ कुजून खाली जातो, मग मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही. किंवा झाडाची साल वाढून तोंड मिटत जातं. जंगल उभं आहे, फळं आहेत, नर-मादी आहेत, आणि तरी पिल्लू नाही. पूनस्वाद यांच्या चमूने झाडांवर चढून तळात माती भरली, मिटलेली तोंडं रुंद केली, आणि जोडपी परत आली. जंगल राखणं म्हणजे कुंपण घालून बाजूला होणं, या समजुतीला या कामाने फार मोठा धक्का दिला असं मी मानतो.

त्याच देशाच्या दक्षिण टोकाला बुदो नावाचा डोंगर आहे. तिथले गावकरी ढोल्यांतली पिल्लं काढून विकत असत. झाडावर चढण्याचं कसब त्यांचंच, ढोल्या कुठे आहेत हे ठाऊकही त्यांनाच. पूनस्वाद यांनी त्यांना त्याच ढोल्यांची राखण आणि नोंद करण्याचं काम मोबदल्यावर दिलं. पैसा उभा राहिला बँकॉकसारख्या शहरांतल्या माणसांकडून. एकेक घरटं एकेकाने दत्तक घ्यायचं, आणि वर्षाअखेर त्याला त्या घरट्याची हकिगत कळवायची. २००६ मध्ये पूनस्वाद यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हीच वाट अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अपराजिता दत्ता यांनी धरली. त्या नव्वदच्या दशकापासून तिथे धनेशांवर काम करत आहेत. न्यिशी समाजात वेताच्या टोपीवर महाधनेशाची चोच लावण्याची रीत. ती चोच फायबरची करून देण्याचा उपक्रम वन विभाग आणि एका स्वयंसेवी संस्थेने आधीच सुरू केला होता. २०११-१२ पासून वन विभाग, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन आणि तिथल्या गावबुढ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, घोरा-आभे ही संस्था यांनी मिळून घरटं दत्तक योजना उभी केली. अभयारण्याच्या बाहेर, राखीव वनातल्या ढोल्यांवर न्यिशी राखणदार नेमले गेले. शंभराहून अधिक पिल्लं या ढोल्यांतून सुखरूप उडाली आहेत. केरळात वाझाचलच्या जंगलात कादर समाजाची माणसं असंच काम करतात. या सगळ्यांच्या वह्या शास्त्रीय निबंधांच्या मुळाशी आहेत. त्या माणसांचा उल्लेख पूर्वी शेवटी आभाराच्या ओळीत होत असे. तो आता लेखकांच्या यादीत व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ढोलीखाली बसणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. खाली बियांचा सडा पडलेला असतो. फळाचा गर पोटात जातो, बी फटीतून बाहेर पडतं. धनेशाने काय खाल्लं हे शोधण्यासाठी संशोधक त्या बियाच मोजतात. रानजायफळासारखं मोठ्या बियांचं फळ गिळू शकणारे पक्षी थोडे, आणि ते बी मूळ झाडापासून लांब नेणारे त्याहून थोडे. मार्गारेट किनेर्ड आणि टिमोथी ओब्रायन यांनी २००७ मध्ये आशियातल्या धनेशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा उपशीर्षकातच त्यांनी या पक्ष्यांना जंगलाचे शेतकरी म्हटलं. पुढे पक्केमध्ये रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी धनेशांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं बसवली. बहुतेक बिया काही शे मीटरांत पडतात, पण थोड्या दहा किलोमीटरांच्याही पलीकडे जातात, असं दिसलं. या थोड्याच बियांवर एका जंगलाचा दुसऱ्या जंगलाशी संबंध टिकतो. त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये अरुणाचलातल्याच नामदाफाच्या परिसराविषयी लिहिलेला निबंध मला फार अस्वस्थ करणारा वाटतो. जिथे शिकारीने धनेश कमी झाले आहेत, तिथे मोठ्या बियांच्या झाडांचं बी जमिनीवर कमी पोचतं आणि रोपंही कमी उगवतात. वरून पाहिलं तर जंगल हिरवंगार. पुढची पिढी मात्र दुसऱ्याच झाडांची.

नानिवडेकर आणि सहकाऱ्यांचंच नारकोंडमचं काम तुम्ही ऐकलं असेल. अंदमानातल्या ज्वालामुखीचं हे बेट सात चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. जगात फक्त तिथेच असणारा नारकोंडम धनेश त्या बेटावर सुमारे एक हजार आहे, अशी त्यांची गणती निघाली. इतक्या दाटीने धनेश दुसरीकडे कुठेही नोंदलेले नाहीत. पण सगळं एकाच बेटावर, म्हणजे एका वादळाच्या हाती. तिथे रडार उभारण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये याच पक्ष्याच्या कारणाने नाकारला गेला आणि २०१४ मध्ये मान्य झाला. हजार हा आकडा तिथे दिलासा देत नाही.

आता मी ज्या अभ्यासासाठी मुख्यतः इथे उभा आहे, त्याकडे येतो. दक्षिण आफ्रिकेत कालाहारीच्या रखरखीत प्रदेशात पिवळ्या चोचीचा एक लहान धनेश राहतो. केप टाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावल्या आणि २००८ ते २०१९ असा दरवर्षी हिशेब ठेवला. पहिल्या तीन हंगामांत शंभरातली ५८ घरटी यशस्वी झाली होती. शेवटच्या तीन हंगामांत १७. घरट्याच्या काळात दुपारच्या कमाल तापमानाची सरासरी ३५.७ अंशांच्या वर गेली, तिथे एकही पिल्लू वाढलं नाही. कुणी शिकार केली नव्हती, झाडं तोडली नव्हती. उन्हात नर चोच उघडून धापा टाकत सावलीत बसतो, तेवढा वेळ त्याचं भक्ष्य शोधणं थांबतं. त्याचं स्वतःचं वजन उतरतं. आत कोंडलेल्या मादीपर्यंत कमी अन्न पोचतं, ती लिंपण फोडून वेळेआधी बाहेर येते आणि मागे राहिलेली पिल्लं मरतात.

या काळात त्या प्रदेशातून जाणाऱ्या पर्यटकाला धनेश दिसतच होते. इथे विल्यमची सव्वीस वर्षं आठवा. दीर्घायुषी पक्ष्याचं असं होतं की वीण थांबली तरी पक्षी दिसत राहतात. दरवर्षी तेच दिसतात, एक वर्षाने म्हातारे होऊन. आपण छायाचित्रं काढतो, यादीत नोंद करतो, गाव म्हणतं की यंदाही ककणेर आले. जातीचा शेवट सुरू होऊन दहा वर्षं झालेली असू शकतात आणि कुणाच्याही लक्षात येत नाही. मी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

म्हणून हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींचं मोल मान्य करूनही मी आग्रहाने म्हणतो की पक्षी किती दिसले हा हिशेब पुरत नाही. ढोलीत किती बसल्या आणि ढोलीतून किती बाहेर आले, हे मोजलं पाहिजे. आजच्या संशोधनाला पैसा मिळतो तो दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांना. ड्रोन, आवाज टिपणारी यंत्रं, उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं, संगणकाची नवी बुद्धी, हे सगळं हवंच आहे. पण सव्वीस वर्षं जगणाऱ्या पक्ष्यासमोर तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे लांबलचक ग्रंथाचं एक पान. कालाहारीचं सत्य अकरा वर्षांनी हाती आलं. थायलंडच्या ढोल्यांचं त्याहून अधिक काळाने. जिथे विद्यापीठ इतका काळ थांबू शकत नाही, तिथे थांबू शकतं ते गाव.

महाधनेश २०१८ पासून जागतिक यादीत ‘असुरक्षित’ आहे, मलबारी राखी धनेश २०२० पासून. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात प्रश्न आणखी निराळा आहे, कारण इथलं बरंचसं रान खासगी मालकीचं. अरुणाचलात वनरक्षक नेमता येतो. इथे ढोलीचं झाड कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं, सातबारा सामायिक असतो, अर्धे हिस्सेदार मुंबईत असतात, आणि लाकडाचा व्यापारी आला की बेहडा, आंबा, सातवीण असं सगळं एकगठ्ठा विकलं जातं. त्या जागी काजू येतो, कलमं येतात. देवराईतली झाडं उरतात, तीही मानकऱ्यांची एकी असेल तोवर. मालकाला मी दोष देत नाही. उभ्या झाडापासून त्याला काही मिळत नसेल तर तो ते का ठेवील? संगमेश्वर भागात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने यावर काढलेला मार्ग मला पटतो. बेहड्याची आणि हिरड्याची फळं औषधासाठी परदेशात जातात. फळं नेमाने गोळा करायची, धनेशासाठी आणि रुजण्यासाठी काही झाडावर राखायची, झाड तोडायचं नाही, अशा अटींवर ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र मिळतं आणि फळाला बरा भाव येतो. धनेश ज्या बेहड्यात घरटं करतो, त्याच बेहड्याच्या फळाचा पैसा मालकाच्या हाती पडतो. एक उपक्रम अख्ख्या कोकणाला पुरणार नाही. पण त्याची दिशा बरोबर आहे.

माझ्या मनात जे आहे ते मोठं नाही. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या ढोल्यांची एक वही करावी. झाड कोणतं, मालक कोण, मादी कोणत्या आठवड्यात बसली, लिंपण कधी फुटलं, पिल्लू दिसलं का. ढोलीपासून लांब, आडोशाला बसावं. मादी शिरण्याच्या दिवसांत तर झाडाजवळ जाऊच नये, ती जागा सोडून जाते. छायाचित्रकारांना ठिकाण सांगू नये, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये. झाडाच्या सावलीत एक साधा तापमापक टांगावा आणि एप्रिल-मेमधली दुपारची नोंद रोज घ्यावी, कारण कालाहारीचा धडा आपल्याला लागू आहे का हे त्याशिवाय कळणार नाही. नववी-दहावीच्या मुलांना हे काम सहज जमेल. एक तुकडी बाहेर पडली की वही पुढच्या तुकडीकडे द्यावी. राखणीसाठी कुणी माणूस नेमला तर त्याला हंगामाचा मोबदला द्यावा. तो कुठून उभा करायचा याचा विचार मुंबई-पुण्यातल्या गावकरी मंडळांनी करावा, बुदोच्या डोंगरासाठी बँकॉकच्या लोकांनी केला तसा.

आता डिसेंबर जवळ आला आहे. जानेवारीत नर ढोल्यांपाशी फेऱ्या मारू लागतील. ज्यांच्या बागेत, देवराईत किंवा सामायिक रानात धनेशाची ढोली आहे, किंवा पूर्वी होती आणि आता नाही, त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं. दारापाशी एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात गावाचं नाव आणि झाडाचं नाव लिहावं. होती आणि आता नाही, ही नोंदसुद्धा मला तितकीच हवी आहे.